दाताची साक्ष : पूर्वलक्षी मात्रामापनाच्या भाषेची एक चिकित्सा

१

मनुष्यदेहात जे जे म्हणून कठीण आहे त्यात दातावरील पांढरे आवरण सर्वांत कठीण होय. देह नष्ट झाल्यावर ते मागे उरते, आणि देह जिवंत असतानाही त्याच्या अंतर्गत रचनेत फारसा पालट होत नाही. हाडाची घडण आयुष्यभर मोडत आणि पुन्हा होत असते. दाताच्या आवरणाचे तसे नाही. ते एकदा तयार झाले म्हणजे शरीर त्याची पुनर्घटना करीत नाही. या स्थैर्यामुळेच विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात दाताकडे एक नवे काम आले. ज्या माणसावर किरणोत्सर्गाचा मारा झाला, पण त्या प्रसंगी ज्याच्याजवळ मोजमापाचे कोणतेच साधन नव्हते, त्याला किती मात्रा मिळाली असावी हे अनेक वर्षांनंतर त्याच्या दातावरून ठरविण्याचे हे काम आहे. या शास्त्रशाखेस पूर्वलक्षी मात्रामापन असे नाव देता येईल.

या शाखेतील लेखन वाचू लागले म्हणजे त्यातील एक लकब चटकन ध्यानात येते. दात ‘सांगतो’, दात ‘आठवण ठेवतो’, दात ‘साक्ष देतो’, अशी क्रियापदे त्यात वारंवार येतात. सामान्य वाचकांसाठी लिहिलेल्या लेखांत ती येणे स्वाभाविक आहे; परंतु शास्त्रीय निबंधांच्या प्रस्तावनांतून आणि उपसंहारांतूनही ती डोकावतात. मराठीला हे रूपक परके नाही. एखाद्यावर ‘दात धरणे’ म्हणजे त्याचा अपराध मनात जपून ठेवणे. दात आणि स्मृती यांची सांगड भाषेने केव्हाच घातली आहे. रूपक म्हणून यात वावगे काही नाही. अडचण निर्माण होते ती रूपकाच्या आडून एक गृहीतकृत्य शिरकाव करते म्हणून. साक्षीदार बोलतो असे म्हटले की, त्याला विचारलेल्या प्रश्नाचेच उत्तर तो देत आहे, असे ऐकणारा मानून चालतो. दाताच्या बाबतीत हे खरे नाही. दात एका प्रश्नाचे उत्तर देतो आणि ते बहुधा विश्वसनीय असते. मात्र वैद्य, न्यायाधीश किंवा रोगपरिस्थितीचा अभ्यासक त्याला जो प्रश्न विचारीत असतो तो वेगळाच असतो. या दोन प्रश्नांमधील अंतर कोणत्या पायऱ्यांनी तोडले जाते, आणि त्या पायऱ्या शब्दांच्या सफाईत कशा झाकल्या जातात, याची तपासणी करणे हा प्रस्तुत विवेचनाचा हेतू होय.

ही तपासणी केवळ शब्दशुद्धीची नाही. एखाद्या वृद्ध कामगाराचा आजार किरणोत्सर्गामुळे उद्भवला की नाही, एखाद्या गावाला नुकसानभरपाई द्यावी की नाही, इतकेच काय, किरणोत्सर्गाची किती मात्रा किती धोक्याची मानावी, असे निर्णय या मापनाच्या आधारे घेतले जातात. त्यामुळे येथे एका क्रियापदाची निवड चुकली तरी तिची किंमत कोणाला तरी मोजावी लागते.

२

प्रथम दातात प्रत्यक्षात काय घडते ते पाहू जाता असे दिसते. दाताचे बाहेरील आवरण, ज्याला व्यवहारात एनॅमल आणि परिभाषेत दंतवल्क म्हणतात, ते वजनाने ९५ टक्क्यांहून अधिक खनिज असते. हे खनिज म्हणजे कॅल्शियम व फॉस्फेट यांचे हायड्रॉक्सिॲपेटाइट नावाचे स्फटिक होत. त्या स्फटिकांत कार्बोनेटचा थोडा अंश मिसळलेला असतो. आयनीकारक किरण त्यातून गेले की काही इलेक्ट्रॉन आपल्या जागेवरून सुटतात आणि कार्बोनेटच्या या मिश्रणामुळे तेथे कार्बन डायऑक्साइडचे ऋणभारित मूलक तयार होतात. अशा प्रत्येक मूलकात जोडीदार नसलेला एक इलेक्ट्रॉन अडकून पडलेला असतो. किती मूलक तयार झाले हे दंतवल्काने किती ऊर्जा शोषली यावर अवलंबून असते; मात्रा दुप्पट झाली तर मूलकांची संख्याही जवळजवळ दुप्पट होते.

या एकाकी इलेक्ट्रॉनांची गणना करण्याची रीत म्हणजे इलेक्ट्रॉन पॅरामॅग्नेटिक रेझोनन्स, संक्षेपाने ई.पी.आर. तिचा शोध यवगेनी झावोयस्की यांनी १९४४ मध्ये काझान येथे लावला. नमुना चुंबकीय क्षेत्रात ठेवून त्यावर सूक्ष्मतरंग सोडले असता असे इलेक्ट्रॉन विशिष्ट ठिकाणी ऊर्जा शोषून घेतात आणि त्या शोषणाची खूण आलेखावर उमटते. खुणेची उंची हे मूलकांच्या संख्येचे माप होय. मानवी दातांवर ही रीत मात्रामापनासाठी वापरता येईल, असे ब्रेडी, आरेस्टाड आणि स्वॉर्ट्झ यांनी १९६८ मध्ये मांडले. जपानात मोतोजी इकेया आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९८४ मध्ये अणुबाँबच्या माऱ्यातून वाचलेल्यांचे दात आणि त्यांच्या कपड्यांवरील शिंपल्यांची बटणे या दोहोंवर तिचा प्रयोग केला.

ही खूण टिकते किती? साधारण तपमानात या मूलकांचे आयुष्य लक्षावधी वर्षांच्या घरात आहे. दक्षिण आफ्रिकेतील रायझिंग स्टार गुहेत सापडलेल्या होमो नालेदी या मानवजातीच्या अवशेषांचे वय २०१७ मध्ये २,३६,००० ते ३,३५,००० वर्षांच्या दरम्यान ठरविण्यात आले; त्या कालनिर्णयात दातांवरील याच जातीच्या मापनाचा आधार घेतलेला होता. इतका दीर्घ काळ जे टिकते ते माणसाच्या सत्तर-ऐंशी वर्षांच्या आयुष्यात पुसले जाण्याचे कारण नाही. म्हणून, लेख पुसट झाला ही तक्रार दाताविषयी करता येत नाही. लेख टिकतो. तो वाचावयाचा कसा, ही खरी समस्या आहे.

३

वाचनाची पहिली चूक अशी की, दातावरील दोन वेगवेगळे लेख एकच समजले जातात. ई.पी.आर. ज्याचे मापन करते ते शोषलेली ऊर्जा होय. ती बाहेरून आलेल्या किरणांची असो की शरीरात शिरलेल्या द्रव्याची असो, दंतवल्काच्या लेखी तो भेद नाही. याखेरीज दातात दुसरा एक लेख असू शकतो: किरणोत्सारी द्रव्य स्वतःच. अण्वस्त्रांच्या स्फोटातून निघणारे स्ट्राँशियम-९० हे रासायनिक दृष्ट्या कॅल्शियमचे सगोत्र आहे. गवतातून गाईच्या दुधात आणि दुधातून बालकाच्या घडत्या दातांत ते कॅल्शियमच्या जागी जाऊन बसते. त्याचे अर्धायुष्य सुमारे २९ वर्षांचे असल्यामुळे ते तेथे दीर्घकाळ राहते.

या दुसऱ्या लेखाच्या वाचनाचे सर्वांत प्रसिद्ध उदाहरण अमेरिकेतील सेंट लुईस शहराचे आहे. हर्मन काल्कर यांनी १९५८ मध्ये दुधाच्या दातांची आंतरराष्ट्रीय मोजणी करावी असे सुचविले होते. त्याच वर्षाच्या अखेरीस सेंट लुईस येथे नागरिकांची एक समिती आणि तेथील विद्यापीठांतील अभ्यासक यांनी मुलांचे पडलेले दात गोळा करण्यास आरंभ केला. बॅरी कॉमनर, लुईझ रीस आणि एरिक रीस ही नावे या उपक्रमाशी निगडित आहेत. दात देणाऱ्या मुलाला बिल्ला मिळे आणि दाताबरोबर मुलाची जन्मतारीख, गरोदरपणी आईचे वास्तव्य कोठे होते, मूल कोणत्या दुधावर वाढले, अशी माहिती भरून द्यावी लागे. १९७० पर्यंत सुमारे ३,२०,००० दात जमा झाले. लुईझ रीस यांनी १९६१ मध्ये प्रसिद्ध केलेल्या निबंधात, पन्नाशीच्या दशकाच्या पूर्वार्धात जसजसे चाचणीस्फोट वाढले तसतसे त्या काळात जन्मलेल्या मुलांच्या दातांतील स्ट्राँशियम-९०ही वाढत गेले, असे दाखवून दिले. वातावरणातील चाचण्यांवर बंदी घालणारा करार ५ ऑगस्ट १९६३ रोजी मॉस्को येथे झाला. त्यापूर्वीच्या सार्वजनिक वादात या दातांना स्थान होते.

या उपक्रमाचे महत्त्व निर्विवाद आहे. तथापि त्याने सिद्ध काय केले हे नेमके सांगावयास हवे. एकेका दातातील स्ट्राँशियम इतके अल्प होते की, एकाच वर्षी जन्मलेल्या आणि सारख्या आहारावर वाढलेल्या मुलांचे दात एकत्र करून त्यांचे पृथक्करण करावे लागे. म्हणजे ही साक्ष एका समूहाची होती. एका शहरातील बालकांच्या पिढीच्या अन्नात किरणोत्सारी द्रव्य उतरले आणि ते वाढत होते, इतके तिने सांगितले व ते पुरेसे होते. कोणत्या मुलाला किती मात्रा मिळाली हे तिने सांगितले नाही. तसा तिचा दावाही नव्हता. पुढील काळात मात्र ‘दातांनी मुलांवरील किरणोत्सर्गाचे प्रमाण दाखविले’ असे ढोबळ विधान जेथे तेथे आढळते. या एका वाक्यात द्रव्य आणि ऊर्जा, समूह आणि व्यक्ती, आहार आणि मात्रा हे तिन्ही भेद पुसले गेले आहेत. सेंट लुईसच्या संग्रहातील सुमारे ८५,००० दात २००१ मध्ये विद्यापीठाच्या एका गोदामात पुन्हा सापडले. जुना लेख नव्या प्रश्नांसाठी पुन्हा उघडला जातो तेव्हा, त्याने मूळ प्रश्नाचे उत्तर कोणत्या स्वरूपात दिले होते, हे विसरून चालत नाही.

४

आता पहिल्या लेखाकडे, म्हणजे शोषलेल्या ऊर्जेच्या खुणेकडे वळणे इष्ट होईल. येथे पाठचिकित्सेच्या अभ्यासकाला एक परिचित परिस्थिती दिसेल. हाती आलेली पोथी म्हणजे मूळ ग्रंथ नव्हे. तीत लेखनिकांचे प्रमाद, समासातून संहितेत शिरलेली टिपणे आणि मागाहून घातलेले प्रक्षेप असतात. दातावरील खुणेचेही असेच आहे.

दंतवल्कातील अल्प सेंद्रिय अंशाची स्वतःची एक खूण आलेखावर असते आणि ती किरणजन्य खुणेच्या अगदी शेजारी, तिला अंशतः झाकीत, उमटते. नमुना तयार करताना दात कापावा व कुटावा लागतो. त्या घर्षणाने आणि उष्णतेनेही खोट्या खुणा निर्माण होऊ शकतात. पुढच्या दातांवर आयुष्यभर सूर्यप्रकाश पडतो आणि त्यातील जंबुपार किरण आयनीकारक किरणांसारखीच खूण उठवितात. म्हणून अभ्यासक पुढचे दात शक्यतो टाळतात आणि मागील दाढांना पसंती देतात. दंतवैद्याने घेतलेल्या क्ष-किरण चित्रांचीही नोंद दातावर होते, आणि ती वाजवीपेक्षा ठळक होते, कारण कमी ऊर्जेच्या किरणांना दंतवल्क मऊ ऊतींच्या मानाने कित्येक पट अधिक प्रतिसाद देते. शेवटी, पृथ्वीवर जन्मलेल्या प्रत्येकाला नैसर्गिक किरणोत्सर्गाचा वाटा मिळतच असतो. दंतवल्काच्या बाबतीत हा वाटा साधारण वर्षाला १ मिलिग्रेच्या आसपास धरला जातो. म्हणजे पन्नाशीच्या माणसाच्या दातावर, कोणताही अपघात न होता, ५० मिलिग्रेच्या सुमारास मजकूर आधीच लिहिलेला असतो.

हे सर्व वजा केल्यावर जे उरते ते ‘अपघाती मात्रा’ या नावाने नोंदले जाते. हे नाव नीट पारखून घ्यावयास हवे. मापन झाले ते एकूण खुणेचे. तिची मात्रा ठरविण्यासाठी त्याच नमुन्याला प्रयोगशाळेत टप्प्याटप्प्याने ज्ञात मात्रा देऊन खुणेची वाढ पाहावी लागते व ती रेषा मागे ओढून मूळ मात्रा काढावी लागते, किंवा आधी तयार केलेल्या प्रमाण-आलेखाशी तुलना करावी लागते. या संख्येतून वयानुसार नैसर्गिक वाटा आणि माहीत असल्यास वैद्यकीय वाटा वजा केला जातो. यांतील वैद्यकीय वाट्याची माहिती बहुधा रुग्णाच्या आठवणीवर किंवा अपुऱ्या कागदांवर अवलंबून असते. स्मृतीला पर्याय म्हणून ज्या दाताला पुढे केले, त्याच्या साक्षीचा एक भाग अखेर स्मृतीवरच टेकतो, हा यातील विरोधाभास होय.

पुण्याच्या भांडारकर प्राच्यविद्या संशोधन मंदिराने महाभारताच्या चिकित्सित आवृत्तीचे काम १९१९ मध्ये हाती घेतले व १९६६ मध्ये ते पूर्णत्वास नेले. त्या आवृत्तीचे संपादक वि. स. सुखटणकर यांनी आपल्या उपोद्घातात एक मर्यादा स्वच्छपणे सांगून ठेवली होती: सिद्ध केलेली संहिता म्हणजे व्यासांचा मूळ ग्रंथ नव्हे, उपलब्ध हस्तलिखितांच्या आधारे जेथवर मागे जाता येते तेथवरचे ते रूप होय. मात्रामापनाच्या अहवालातील संख्येलाही हाच दर्जा आहे. ती त्या दिवशी त्या माणसावर झालेल्या माऱ्याची प्रत नव्हे. या दातावरून, या वजाबाक्या करून, जेथवर मागे जाता आले तेथवरची ती संख्या होय. फरक इतकाच की, सुखटणकरांनी हे आरंभीच सांगितले. मात्रेच्या संख्येसोबत ते पुष्कळदा सांगितले जात नाही.

५

दुसरी आणि अधिक गंभीर चूक ‘मात्रा’ या एका शब्दात साठलेली आहे. मराठीत हा शब्द वैद्याची, छंदःशास्त्रज्ञाची आणि वर्णमाला शिकविणाऱ्या शिक्षकाची अशा तिघांची गरज भागवितो. संदर्भाने अर्थ ठरतो आणि घोटाळा होत नाही. किरणोत्सर्गाच्या शास्त्रात मात्र संदर्भ एकच असूनही अर्थ अनेक आहेत. दंतवल्काने शोषलेली मात्रा, अस्थिमज्जेने शोषलेली मात्रा, आणि सर्व शरीरासाठी हिशेबाने काढलेली परिणामी मात्रा या तीन भिन्न राशी आहेत. ई.पी.आर. फक्त पहिली मोजते. रक्ताच्या कर्करोगाचा संबंध दुसरीशी येतो. नियम आणि कायदे यांत बहुधा तिसरी वापरली जाते.

या भेदाचे महत्त्व दक्षिण उरलमधील तेचा नदीच्या उदाहरणाइतके अन्यत्र क्वचितच स्पष्ट होईल. सोव्हिएत संघाच्या मायाक कारखान्यात अण्वस्त्रांसाठी प्लुटोनियम तयार होत असे. तेथील किरणोत्सारी सांडपाणी १९४९ ते १९५६ या काळात या लहानशा नदीत सोडले गेले. त्याचा सर्वांत मोठा लोट १९५० व १९५१ मध्ये आला. काठावरील खेड्यांतील सुमारे तीस हजार लोक हेच पाणी पीत, त्यातच कपडे धूत आणि गुरांनाही तेच पाजीत. त्यांच्यापैकी कोणाजवळ मापनाचे साधन नव्हते, आणि पाण्यात काय आहे हे त्यांना सांगण्यातही आले नव्हते.

पुढे या लोकांचे दात तपासले गेले तेव्हा काहींच्या दंतवल्कात फार मोठी मात्रा आढळली. परंतु ती सर्वांत मोठी कोणात आढळली? नदीच्या अगदी जवळ राहणाऱ्या प्रत्येकात ती सारखी नव्हती. ज्यांच्या दातांची घडण नेमक्या त्या वर्षांत चालू होती, त्यांच्या दातांत स्ट्राँशियम-९० अधिक शिरले होते. ते दंतवल्कात आणि त्याखालील दंतिनात बसून आतूनच आपले बीटा-कण दशकानुदशके सोडीत राहिले. अशा दातातील मोठी संख्या ही मुख्यतः त्या दातापुरतीच खरी आहे. ती जशीच्या तशी त्या माणसाच्या यकृताची किंवा फुप्फुसाची मात्रा म्हणून वाचली तर घोर अतिशयोक्ती होईल. उलट, स्ट्राँशियमचा वाटा फार मोठा धरून वजा केला तर नदीकाठच्या गाळातून आलेल्या बाह्य गॅमा किरणांचा वाटा नाहीसा होईल आणि खरी हानी झाकली जाईल. दोन मोठ्या संख्यांच्या वजाबाकीतून लहान संख्या काढावयाची असली म्हणजे मूळ संख्यांतील थोडी चूक उत्तराला कसे गिळून टाकते, हे अंकगणित जाणणाऱ्यास सांगावयास नको.

हत्तीचे दाखवायचे दात वेगळे आणि खायचे वेगळे, असे म्हणतात. येथे दात एकच आहे, पण त्याची दाखवायची मात्रा आणि शरीराने सोसलेली मात्रा या वेगळ्या आहेत. तेचाच्या अभ्यासकांना याची पूर्ण जाणीव आहे. दातांतील बीटा-क्रियेची मापने, अस्थींतील स्ट्राँशियमच्या वहनाची प्रतिमाने आणि रहिवाशांचा वास्तव्येतिहास यांच्या साहाय्याने त्यांनी या संख्यांची फोड करण्याचा दीर्घ उद्योग केला आहे. दोष त्यांच्या गणिताचा नाही. तो त्यांच्या निष्कर्षांचा सारांश करताना राशीचे विशेषण गाळून नुसते ‘मात्रा’ म्हणणाऱ्या लेखणीचा आहे.

६

तिसरी चूक अभावाविषयीची आहे, आणि सामान्य माणसाच्या दृष्टीने हीच सर्वांत महाग पडते. ई.पी.आर.ला एक खालची मर्यादा आहे. दाताचा नमुना चांगला असेल आणि प्रयोगशाळा कुशल असेल तर ही मर्यादा ३० ते १०० मिलिग्रेच्या टापूत येते. तिच्या खालील अपघाती मात्रा आलेखातील गोंगाटापासून व नैसर्गिक वाट्यापासून वेगळी काढता येत नाही. अशा वेळी अहवालात ‘आढळली नाही’ असे लिहिले जाते. हा अहवाल प्रयोगशाळेतून कार्यालयात गेला की, त्याच शब्दांचे ‘मात्रा मिळाली नाही’ असे रूपांतर होते. व्याकरणाच्या दृष्टीने हा केवळ धातूचा बदल आहे. प्रमाणशास्त्राच्या दृष्टीने मात्र तो एका प्रमाणाचा गैरवापर आहे.

भारतीय तत्त्वचिंतनात या प्रश्नाचा ऊहापोह फार पूर्वी झालेला आहे. भाट्ट मीमांसकांनी अनुपलब्धी हे स्वतंत्र प्रमाण मानले. भूतलावर घट दिसत नाही, म्हणून तेथे घट नाही, हे ज्ञान त्यांच्या मते अनुपलब्धीने होते. पण त्यांनी तीस एक अट घातली: ती अनुपलब्धी ‘योग्य’ असली पाहिजे. घट असता तर तो दिसलाच असता, अशी परिस्थिती असेल तरच त्याचे न दिसणे हे त्याच्या नसण्याचे प्रमाण होते. अंधाऱ्या खोलीत घट दिसला नाही यावरून घटाभाव सिद्ध होत नाही. दातावरील मापनाची खालची मर्यादा ही अशीच अंधाराची सीमा आहे. ५०० मिलिग्रे मात्रा मिळाली असती तर ती दिसलीच असती. म्हणून तिचे न दिसणे हे योग्यानुपलब्धीचे उदाहरण होय आणि त्यावरून तिचा अभाव मानणे रास्त आहे. २० मिलिग्रे मात्रा मात्र असती तरीही दिसली नसती. तिच्या न दिसण्यावरून काहीच सिद्ध होत नाही.

हा भेद पुस्तकी नाही. २६ एप्रिल १९८६ रोजी चेर्नोबिल येथे अणुभट्टीचा अपघात झाल्यानंतर सफाईच्या कामासाठी सोव्हिएत संघातून सुमारे सहा लाख लोक आणले गेले. त्यांच्यापैकी अनेकांच्या मात्रेच्या अधिकृत नोंदी अपुऱ्या, अंदाजी किंवा अविश्वसनीय होत्या. युक्रेनमधील अशा कामगारांचे दात पुढे मोजले गेले आणि त्या मापनांचा उपयोग मुलाखतींच्या आधारे काढलेल्या मात्रांची पडताळणी करण्यासाठी झाला. येथे दाताने मोठे काम केले. परंतु मर्यादेखालील मात्रा मिळालेल्या कामगाराला हा न्याय लागू होत नाही. त्याच्या दातावर काही दिसले नाही, याचा अर्थ त्याचे म्हणणे खोटे ठरले असा नव्हे. या साधनाला त्याविषयी मत नाही, एवढाच त्याचा अर्थ. ज्याची साक्ष घेता येत नाही अशा साक्षीदाराचे मौन विरुद्ध पक्षाच्या खात्यावर जमा करणे हा न्यायाचा कोणताच मार्ग होऊ शकत नाही.

याला जोडून आणखी एक गोष्ट सांगावयास हवी. निरोगी दात केवळ मापनासाठी उपटणे कोणासही मान्य होणार नाही. म्हणून ज्यांचे दात दंतवैद्याने अन्य कारणाने काढले, त्यांचेच दात अभ्यासकांच्या हाती येतात. दात तोंडात असतानाच मापन करण्याची रीत अमेरिकेतील डार्टमथ येथे हॅरोल्ड स्वॉर्ट्झ व त्यांच्या सहकाऱ्यांनी विकसित केली. परंतु ती मोठ्या अपघातानंतर काही ग्रे इतकी मात्रा मिळालेल्यांना तातडीने निवडून काढण्यासाठी उपयोगी आहे, लहान मात्रांसाठी नव्हे. तेव्हा अंधाराची सीमा या मार्गाने खाली येत नाही, उलट वर जाते.

७

एवढ्या विवेचनावरून दाताची साक्ष टाकाऊ आहे, असा समज कोणी करून घेऊ नये. तिचे सामर्थ्य कशात आहे हे हिरोशिमाच्या उदाहरणावरून चांगले कळते. ६ ऑगस्ट १९४५ च्या स्फोटातून वाचलेल्यांची मात्रा ठरविताना मुख्य आधार गणिताचा होता: स्फोटबिंदूपासूनचे अंतर, मध्ये आलेल्या भिंती आणि वाचलेल्याने सांगितलेली स्वतःची जागा. या गणिताच्या पद्धती १९६५, १९८६ आणि २००२ मध्ये अशा तीनदा नव्याने बसविण्यात आल्या. पद्धत कितीही सुधारली तरी, ‘त्या क्षणी मी कोठे उभा होतो’ या उत्तरातील चूक तीत कायमच राहते.

हिरोशिमातील संशोधन संस्थेत नोरी नाकामुरा आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी वाचलेल्यांच्या दातांवरील मापनाची तुलना त्याच व्यक्तींच्या रक्तपेशींतील गुणसूत्रांच्या बिघाडाशी केली आणि त्या दोहोंत निकटचा संबंध असल्याचे १९९८ मध्ये दाखवून दिले. हा निष्कर्ष फार मोलाचा आहे. दाताची खूण भौतिक आहे, गुणसूत्रांची खूण जैविक आहे. दोहोंची उत्पत्ती, दोहोंचे दोष आणि दोहोंच्या मर्यादा अगदी भिन्न आहेत. एकाच स्रोतावरून उतरवून घेतलेल्या दोन पोथ्या जुळल्या तर त्यावरून फारसे सिद्ध होत नाही, कारण दोहोंत एकच चूक उतरलेली असू शकते. स्वतंत्र परंपरेतील दोन पोथ्या जुळल्या म्हणजे मात्र पाठ प्रमाण मानला जातो. दात आणि गुणसूत्रे या अशा स्वतंत्र परंपरा आहेत. या ठिकाणीही ई.पी.आर.ची मर्यादा सुटत नाही: न्यूट्रॉनांना दंतवल्क अल्पच प्रतिसाद देते, त्यामुळे तो वाटा वेगळा विचारात घ्यावा लागतो. परंतु मर्यादा माहीत असलेले प्रमाण आणि मर्यादा लपविलेले प्रमाण यांतील फरक हिरोशिमाच्या या अभ्यासात उठून दिसतो.

८

या शास्त्राच्या अंतर्गत व्यवहारात शिस्तीचा अभाव नाही. आंतरराष्ट्रीय अणुऊर्जा अभिकरणाने दंतवल्कावरील ई.पी.आर. मापनाविषयी २००२ मध्ये स्वतंत्र अहवाल प्रसिद्ध केला. आंतरराष्ट्रीय मानक संघटनेने २०१३ मध्ये अशा मापनाचे किमान निकष ठरवून दिले. अज्ञात मात्रा दिलेले नमुने निरनिराळ्या प्रयोगशाळांना पाठवून त्यांच्या उत्तरांची तुलना करण्याची प्रथाही रूढ आहे. ज्या शास्त्राने आपल्या उपकरणांची इतकी कसोशीने परीक्षा घेतली, त्याने आपल्या वाक्यांची परीक्षा घेऊ नये, हे विसंगत आहे.

त्या दृष्टीने अहवालाच्या भाषेत तीन क्रियापदांचा भेद पाळला गेला तर बराचसा घोटाळा टळेल. दंतवल्काची एकूण मात्रा ‘मोजली’ जाते. नैसर्गिक आणि वैद्यकीय वाटा वजा करताना त्यांची मूल्ये ‘गृहीत धरली’ जातात. अस्थिमज्जेची किंवा सर्व शरीराची मात्रा ‘अनुमानिली’ जाते. ही तीन कृत्ये ‘दाताने सांगितले’ या एका वाक्यात कोंबली की, मोजणाऱ्याची खात्री गृहीताला मिळते आणि गृहीताची शंका मोजणीला चिकटते. दोन्ही बाजूंनी अन्यायच होतो. त्याचप्रमाणे ‘आढळली नाही’ या शब्दांपुढे ‘इतक्या मात्रेपर्यंत’ ही मर्यादा आकड्यासह लिहिली गेली पाहिजे. चार शब्दांची ही भर आहे. पण तेचाच्या काठावरील शेतकरी किंवा चेर्नोबिलहून परतलेला कामगार जेव्हा तो कागद हाती घेऊन कार्यालयाच्या खिडकीशी उभा राहतो, तेव्हा त्याच्या बाजूने बोलणारे तेवढेच शब्द त्या कागदावर असतात.

दात अपरिवर्तनीय आहे, म्हणून तो विश्वसनीय साक्षीदार आहे, हे खरे. पण अपरिवर्तनीय लेखाचे वाचन अपरिवर्तनीय नसते. लेख दाताचा आहे. वाचन माणसाचे आहे आणि त्याची जबाबदारीही माणसाचीच आहे.